टरफलांखालची माती

गणपतीची सुट्टी संपवून केळशीहून परत आले, कंपनीच्या मागच्या आवारात पाऊल टाकलं आणि वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कारखान्यात शिरलो. आमच्या सांडपाण्याच्या मोठ्या टाकीत बारा महिने तपकिरी पाणी खदखदत असतं. त्या दिवशी तिचा तळ दिसत होता. भिंती पांढऱ्याफेक, कठड्याला झेंडूची माळ, पायरीशी रांगोळी. आणि शेजारी टाकीवरचे ऑपरेटर रावजीकाका, इस्त्रीचा शर्ट घालून, शाबासकीची वाट बघत उभे.

“कशी झाली, हेमाबाय?” ते म्हणाले. “दोन दिस घासत होतो. ब्लिचिंगची आख्खी गोन संपली.”

“आतला गाळ कुठाय?”

“मागं वालत घातलाय. त्याच्यावर पन पावडर मारली. सनासुदीला वास नको.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती का गेली हे सांगायचं तर आधी गाळाबद्दल सांगायला हवं. आमची कंपनी प्लायवूड चिकटवायची राळ बनवते. त्यासाठी फिनॉल लागतं आणि त्यातलं थोडं सांडपाण्यात उतरतंच. फिनॉल म्हणजे जहर. हातावर पडलं तर कातडी जाते, पाण्यात गेलं तर मासे मरतात. पण काही जिवाणू असे असतात की त्यांना हळूहळू सवय लावली तर ते हेच जहर खाऊन जगतात आणि मागे साधं पाणी ठेवतात. आमच्या टाकीतला तो तपकिरी गाळ म्हणजे हे जिवाणू. मी तीन वर्षं त्यांना चमच्याचमच्याने सवय लावली होती. रावजीकाकांनी त्यांना दोन दिवसांत घासून, धुऊन, वर ब्लिचिंग शिंपडून टाकलं होतं.

मग माझं तोंड सुटलं. पाळीवरची सगळी माणसं जमली होती, त्यांच्यासमोर मी पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला म्हणाले, की अक्कल गावच्या देवळात ठेवून आलात का. आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही. माझा स्वभाव असाच आहे. आई म्हणते, हेमाला राग आला की आधी तोंड येतं आणि मागून डोकं येतं.

 रावजीकाकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर उलगडला. कंपनीची नोटीस होती. ‘गणपतीपूर्वी सर्व टाक्या, गटारे व आवार स्वच्छ करून घ्यावे.’ खाली माझी सही. मला केळशीची एसटी गाठायची होती, त्या घाईत मी ढीगभर कागदांवर सह्या करून टाकल्या होत्या.

“तुमीच सांगितला होता ना, बाय?” त्यांनी विचारलं. भांडायला नाही, खरंच विचारलं.

“ही टाकी वेगळी असते, एवढं कळायला नको?”

“कोनी सांगितला नाय.”

ते खरं होतं. रावजीकाका अकरा महिन्यांपूर्वी कंपनीच्या बागेतून माझ्याकडे आले होते. हे बटण हवेचं, ते पंपाचं, दर तासाला आकडा वहीत लिहा, एवढंच मी त्यांना शिकवलं. टाकीत काय आहे हे एकदाही सांगितलं नाही. त्यांना काय कळणार, असं मी मनात धरून चालले होते. सणाच्या आधी घरातलं भांडं न् भांडं घासून काढणाऱ्या माणसाने तपकिरी पाण्याची टाकी बघून दुसरं काय करावं?

कंपनीचे मालक अण्णा. वय सत्तर, आंब्याच्या बागा असलेलं जुनं घराणं, आवाज कधी चढत नाही. त्यांनी टाकी बघितली, रांगोळीला वळसा घालून पलीकडे गेले आणि म्हणाले, “खालच्या वाडीतली माणसं आपल्या मागच्या पऱ्याचं, त्या ओढ्याचं पाणी भाजीला लावतात. मी त्यांना शब्द दिलाय. आपलं पाणी ओढ्यात जाण्याआधी त्यात चार दिवस मासे जगले पाहिजेत. तोवर कारखाना बंद.”

“नवे जिवाणू वाढवायला वेळ लागेल, अण्णा.”

“महिना देतो. नाही जमलं तर मुंबईची एक कंत्राटदार कंपनी मागे लागली आहे, ती मंडळी टाकी चालवायला घेतील, त्यांची माणसं घेऊन. रावजीला मग घरी बसावं लागेल. एवढी चूक मला पोटात घालता येणार नाही.”

तिथेच मी सांगायला हवं होतं की नोटिशीवर सही माझी आहे. मी तोंड उघडलं आणि मिटलं. रावजीकाका माझ्याकडे बघत होते. त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवून दिली, अण्णांना दाखवला नाही. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आत मी अण्णांच्या दारात होते. सगळं सांगून टाकलं.

“काल का नाही बोललीस?”

“घाबरले.”

“मग चूक दोघांची,” अण्णा म्हणाले. “पण तुला काढली तर मुंबईवाल्यांच्या कामावर लक्ष ठेवून टाकी कोण बघणार? म्हणून सगळं रावजीवर येतं. हे बरोबर नाही, मलाही कळतं. तू जमव, म्हणजे माझ्यावर ती पाळी यायची नाही.”

तिथून मी टाकीवर गेले. रावजीकाका रांगोळी पुसत होते. मी त्यांच्याशेजारी बसले आणि माफी मागितली, ती मला नीट जमलीही नाही. मग अकरा महिने न सांगितलेलं सगळं सांगितलं. गाळ म्हणजे काय, ते जीव काय खातात, त्यांना हवा का लागते, ब्लिचिंगने काय होतं.

ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडला. “म्हंजे मी सगल्यांना मारला?”

“तुम्हाला ठाऊक नव्हतं.”

“तरी मेलेच ना.” त्यांनी रांगोळीचं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “नवे कुठं भेटतात?”

“शेणात थोडे असतात. पण फिनॉल खाणारे हवेत. जिथे तसलं जहर वर्षानुवर्षं जमिनीत मुरलंय, तिथल्या मातीत मिळतील. अशी जागा शोधायला हवी.”

“जहर म्हंजे कसला? अंगावर उततं, तसला?”

“तसलंच.”

ते ताडकन उठले. “मंग हितं काय करतो आपन? तुलसाकडं चला!”

तुळसा त्यांची धाकटी बहीण. हातखंब्याच्या अलीकडे तिची काजू फोडायची छोटी फॅक्टरी आहे. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते अंगाला लागलं की कातडी सोलवटून निघते, हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत आहे. मला रसायनशास्त्र शिकून वीस वर्षं झाली, आणि त्या तेलाचं आणि आमच्या फिनॉलचं नातं आहे हे मी पुस्तकात वाचलंही होतं. पण ते तुळसाच्या अंगणापर्यंत नेऊन जोडायला रावजीकाका लागले. मी कपाळावर हात मारून घेतला.

फॅक्टरीच्या मागे टरफलांचा ढीग होता, घराएवढा. तुळसा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “एवढी वर्सं ह्या ढिगाला कुत्रा ईचारत नव्हता. आज कंपनीच्या मॅडम आल्या!”

रावजीकाकांनी तिला दटावलं आणि मला ढिगाच्या उताराकडे नेलं. “हितं बगा. आमी ल्हान होतो तवा बापूस हितंच टरफलं टाकायचा. हितं कायपन उगवत नव्हता, नुसती काली जमीन. आता बगा.”

ढिगाच्या कडेला, तेलाने काळ्या पडलेल्या मातीत, हिरवंगार गवत आलं होतं. म्हणजे त्या मातीत कुणीतरी होतं आणि ते तेल खात होतं. मला तर नाचावंसं वाटलं. आम्ही हातमोजे घालून ढिगाखालची माती उकरली, दहा गोणी भरल्या. तुळसाने वर पिशवीभर काजूगर दिले आणि मला बजावलं, “दादाला घरी बसवलात तर माती परत द्यायची, काय?”

“देते,” मी म्हणाले. ती हसली, मला मात्र हसू आलं नाही.

मोठी टाकी एकदम सुरू करण्यात अर्थ नव्हता. आम्ही आधी शेजारच्या छोट्या टाकीत ती माती पाण्यात ढवळून, गाळून घेतली. त्यात शेणाचं पाणी, थोडा गूळ, थोडा युरिया. खालून हवा चालू. आणि सुट्टीआधीचं जे फिनॉलचं पाणी साठवण टाकीत पडून होतं, ते पहिल्या दिवशी फक्त एक तांब्या. दुसऱ्या दिवशी दोन. मी सांगितलं की जास्त घाई केली तर ते मरतील, उपाशी ठेवलं तरी मरतील. रावजीकाकांनी मान डोलावली. त्यांच्या सुनेचं पहिलं बाळंतपण त्यांच्याच घरी झालं होतं, तान्ह्याला थोडं थोडं कसं पाजतात ते त्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे हे त्यांना लगेच समजलं.

पहिले सहा दिवस काही झालं नाही. रोज सकाळी आम्ही टाकीतलं लिटरभर पाणी काचेच्या उंच नळकांड्यात भरून अर्धा तास ठेवायचो. जिवाणू वाढले असतील तर तळाशी गाळ बसतो. तळाशी काही नव्हतं. वास तोच, नाकाला झोंबणारा. मी चिडचिड करत होते, फोनवर घरच्यांना खेकसत होते. रावजीकाका मात्र नळकांडं उन्हाकडे धरून पुन्हा पुन्हा बघायचे आणि वहीत लिहायचे, ‘आज नाही.’

सातव्या दिवशी तळाशी बोटाच्या पेराएवढा थर बसला.

मी मायक्रोस्कोप काढला. अकरा महिन्यांत रावजीकाकांना मी तो कधी दाखवलाही नव्हता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एक डोळा मिटला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. आणि एकदम ओरडले, “आयला! हे नाचतायत!”

जिवाणू तसे इतके बारीक, की त्यांचे नुसते पुंजके दिसतात. पण गाळ जिवंत झाला की त्यांना खाणारे थोडे मोठे जीव आपोआप येतात. दांडीवर उभे राहून डोकं गरागरा फिरवणारे. ते दिसले की समजायचं, घर नांदतं झालं.

“जाखडीच नाचतायत, हेमाबाय! गोल करून!” गणपतीत त्यांच्या वाडीत जो गोल नाच होतो, तो ते स्वतः चाळीस वर्षं नाचलेले. त्यांनी धावत जाऊन सगळ्यांना बोलावलं. फाटकावरचा रखवालदार आला, कँटीनवाली सावित्री पिठाचे हात घेऊन आली, अण्णाही आले. कारखाना बंद, आणि आम्ही सगळे मायक्रोस्कोपपुढे रांगेत. प्रत्येकजण डोळा लावायचा, हसायचा आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहायचा. एवढी मजा आमच्या वार्षिक स्नेहसंमेलनातही कधी आली नव्हती.

मग गाळ भराभर वाढला. पेरभर होता तो चार बोटं झाला. फिनॉलच्या पाण्याच्या एका तांब्याचे पन्नास तांबे झाले, मग पिंपं झाली. टाकीला मातीसारखा ओला वास यायला लागला. अठराव्या दिवशी आम्ही सगळा गाळ मोठ्या टाकीत नेणार होतो, आणि सकाळी दहाला वीज गेली. कुठेतरी फणसाची फांदी तारांवर पडली होती, वीज दुपारशिवाय येणार नव्हती. जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला.

हवेचे बुडबुडे थांबले. ह्या जीवांना हवा नसली की ते तासाभरात गुदमरायला लागतात. मी फोनवर फोन लावत सुटले, वीज मंडळाला, जनरेटरवाल्याला, सगळ्यांवर ओरडत. मागे वळून बघते तर रावजीकाका टाकीच्या कठड्यावर चढले होते. बादली बुडवायची, डोक्याएवढी वर न्यायची आणि धो धो ओतायची. पुन्हा बुडवायची, पुन्हा ओतायची.

“हवा जायला पायजे ना?” ते म्हणाले. “ही बगा, चालली हवा.”

इतकं सोपं मला सुचलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि बादली घेतली. रखवालदार आला, सावित्री पातेलं घेऊन आली. अण्णांनी धोतर खोचलं. वयाच्या सत्तरीत बादली उचलू नका म्हटलं तर म्हणाले, “मग पाण्याचा मग दे.” रावजीकाकांनी नाचातलं गाणं धरलं, सगळ्यांनी मागून ओढलं, आणि गाण्याच्या ठेक्यावर आम्ही साडेचार तास ते तपकिरी पाणी वर नेलं आणि खाली ओतलं. अंगभर गाळ. हात भरून आले. मी इतकी हसले की गाणं चुकायला लागलं. वीज आली तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही, बुडबुडे दिसले तेव्हा कळलं.

नळकांड्यातला गाळ दुसऱ्या दिवशी तेवढाच होता. एकही बोट कमी नाही. त्याच दिवशी आम्ही तो मोठ्या टाकीत हलवला.

पंचविसाव्या दिवशी साठवण टाकीतलं सगळं पाणी मोठ्या टाकीतून जाऊन पलीकडे निघालं. फिनॉल मोजलं तर नावालाही सापडेना. पण अण्णांची अट माशांची होती. रत्नागिरीहून प्रयोगशाळेचा अनिश आला. पोरगेलासा, फार काटेकोर, प्रत्येक वाक्याआधी ‘नियमाप्रमाणे’ म्हणणारा. त्याने आमच्या पाण्याने काचेची पेटी भरली आणि दहा गप्पी मासे मोजून सोडले.

“नियमाप्रमाणे चार दिवस. निदान नऊ जगले पाहिजेत. खायला काही घालायचं नाही.”

“उपाशी ठेवायचे?” रावजीकाका हादरले.

“नियम आहे.”

ते चार दिवस रावजीकाका पेटीसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून होते. डबाही तिथेच, माशांकडे पाठ करून खायचे, त्यांना दिसू नये म्हणून. मी दर तासाला येऊन मोजत होते. एक मासा दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यात एकटाच राहायला लागला, जरा सुजल्यासारखा. नऊ जगले तर चालणार होतं, दोन गेले तर रावजीकाका घरी. मी त्या एका माशाकडे बघत नवस बोलले. देव न मानणारी मी, कुठल्या देवाला बोलले तेही धड सांगता येणार नाही.

चौथ्या दिवशी अकरा वाजता अनिश आला. अण्णा आले. सगळे पेटीभोवती जमले. अनिशने पेनाच्या टोकाने मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. पुन्हा मोजलं. चष्मा पुसला.

“काय झालं?” माझा आवाज फाटला.

“दहा जिवंत आहेत,” तो म्हणाला. “पण... पाण्यात काहीतरी कचरा आहे. काळे ठिपके.”

रावजीकाका काचेला नाक लावून वाकले. “कचरा नाय ओ,” ते हळूच म्हणाले. “डोले हायत ते.”

हवेच्या नळीमागे, कोपऱ्यात, पापणीच्या केसाएवढी पिल्लं होती. प्रत्येकाला दोन काळे डोळे. सुजलेला मासा आता सडपातळ होऊन मध्येच फिरत होता. आम्ही मोजली. अनिशची अकरा झाली, माझी तेरा, रावजीकाका चौदावर ठाम होते.

“असं व्हायला नको होतं,” अनिश कानापर्यंत लाल झाला. “पोटुशी मादी चाचणीत घ्यायची नसते. माझ्या लक्षात नाही आलं. फॉर्ममध्ये दहापेक्षा जास्तची जागाच नाही.”

“शेरा असं काही असेल ना?” अण्णांनी विचारलं.

“आहे.”

“मग लिही. बाळंतीण आणि बाळं सुखरूप.”

सावित्रीने पहिली टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. ज्या पाण्यात महिन्यापूर्वी बोट बुडवायची आमची छाती नव्हती, त्यात पोरं जन्मली होती. मी रडत होते आणि ते लपवण्याच्या भानगडीत पडले नाही. रावजीकाका खुर्चीत बसून राहिले, हात गुडघ्यांवर, आणि अण्णांकडे बघत राहिले. विचारायचं होतं, पण विचारवत नव्हतं.

“बघतोस काय?” अण्णा म्हणाले. “टाकी तुझी. उद्या बॉयलर पेटवतोय.”

रावजीकाकांनी मान हलवली.  मग उभे राहिले, शर्ट नीट केला आणि म्हणाले, “मंग अण्णा, मला आज अर्धा दिस सुट्टी पायजेल. तुलसाला सांगून येतो. फोनवर नाय सांगनार.”

“आत्ता? आणि टाकी कोण बघणार?”

“मीही जाणार आहे,” मी म्हणाले. “माती परत द्यायचा शब्द मी दिला होता, आता ती परत मिळणार नाही हे तिला मलाच सांगायचंय.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग रावजीकाकांकडे. रावजीकाकांनी प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, सावलीत ठेवली, फडक्याने पुसली आणि मालकाला खुणेने बसायला सांगितलं.

“बटनाला हात लावू नका,” ते म्हणाले. “नुसता लक्ष ठेवा. आमी पाचपर्यंत येतो.”

अण्णा बसले.